चौथा नियम

मांडीवरची पिवळी फाइल कुणीतरी हळूच ओढली आणि मी दचकले. दुपारची चारची बस, शाळा नुकत्याच सुटलेल्या, काचांवर वाफ धरलेली. समोरच्या सीटवर अकराएक वर्षांचा एक थोराड मुलगा बसला होता. कानांवर आवाज अडवायची मोठी निळी टोपणं. त्यानं फाइल आपल्याकडे घेतली आणि तिची कड खिडकीच्या पट्टीला जुळवायला लागला. इकडून एक बोट, तिकडून एक बोट. चेहरा असा, की जगात दुसरं काही कामच नाही. तीस वर्षं वर्गात मदतनीस म्हणून काढलेली बाई मी, 'अरे अरे' तोंडावर आलंच होतं, तेवढ्यात त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "सॉरी, सॉरी. तो घेत नाही. फक्त सरळ करतो." सरळ करतो. मान वर करायच्या आधीच मला कळलं, कोण ते. आमच्या छोट्या वर्गात खिडकीखाली गाड्यांची रांग लागायची, लाल आधी, मग हिरव्या, आणि घंटा झाली की तो दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायचा. योकुबास. म्हणजे ही दाइवा, त्याची आई. तिनं मला ओळखलं आणि हसली. "मिसेस पॅजेट!" असं मन भरून हसताना मी तिला एकदाच पाहिलंय, सात वर्षांपूर्वी, हेडबाईंच्या खोलीत. त्यानंतर ही बाई दुकानात दिसली की मी दुसऱ्या रांगेत शिरायचे, चर्चपाशी दिसली की रस्ता ओलांडायचे. बसमध्ये कुठला रस्ता ओलांडणार?

आणि दिवस तरी कुठला निवडावा तिनं! त्या पिवळ्या फाइलमध्ये होतं काय, तर 'समानता, विविधता आणि सर्वांना सामावून घेणं', पंधरा पानं, वीस प्रती. नव्या मदतनिसांना वर्षातून दोनदा हे शिकवायचं काम माझ्याकडे आहे. निवृत्त झाले तरी बोलावतात. म्हणतात, लॉर्नासारखं कुणी सांगत नाही. खरंच नाही सांगत. मी आधी सगळ्यांना क्रीमची बिस्किटं देते, मग आजोबांची गोष्ट सांगते. ते इटलीहून इथल्या वीटभट्ट्यांवर कामाला आले आणि पीटरबरोच्या लोकांनी त्यांना पहिलं वर्षभर नावानं हाकच मारली नाही. मग वळते उग्नेकडे. दर वेळी. नऊ वर्षांची लिथुआनियन मुलगी, दोन वर्षांपूर्वी इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि आता छातीवर 'भाषासोबती'चा बिल्ला लावून नव्या मुलांना संडास कुठे, डबा कुठे ठेवायचा, रडू आलं तर कुणाकडे जायचं ते त्यांच्या भाषेत सांगते. एवढंच नाही, एकदा तर तिनं आपल्या आईलाही मदत केली, असं मी म्हणते आणि पुढच्या पानावर जाते. आज निळे केस केलेल्या एका पोरीनं हात वर केला. "मग त्या मुलीचं पुढे काय झालं?" माझी जीभ क्षणभरही अडखळली नाही. "छान चाललंय तिचं," म्हणाले मी. बेशरमपणाला काही सीमा?

तो बिल्ला माझीच कल्पना. फलकही मीच रंगवला होता, शाळेच्या दारातून शिरलं की समोरच दिसेल असा. वर निरनिराळ्या भाषांतले नमस्कार आणि खाली माझ्या गोल अक्षरात भाषासोबतींचे पाच नियम. पहिला, हसून बोला. दुसरा, हळू बोला. तिसरा, येत नसेल तर येत नाही म्हणा. चौथा नियम मुलांसाठी नव्हताच, आमच्यासाठी होता: मोठ्यांच्या कामासाठी मुलाला दुभाषा करायचं नाही, कधीही नाही. 'कधीही नाही'खाली मी लाल रेघ मारली होती. पाचवा आता आठवत नाही. नियम लिहिणाऱ्याला तो पाळावा लागत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार. चर्चची घंटा वाजवणारा थोडाच प्रवचन ऐकतो.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी फोनवरचा दुभाषी मिळेना. पावणेतीन झालेले, योकुबासला तपासायला आलेली कौन्सिलची बाई तीनला निघणार, आणि पुढच्या आठवड्यात निरीक्षक येणार म्हणून हेडबाई मिसेस ऑल्डरटन कागदांच्या ढिगात बुडालेल्या. दाइवा कारखान्यातून तशीच आलेली. लीकच्या, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीच्या, जुड्या बांधायची पाळी होती तिची. जाळीच्या टोपीचा वळ कपाळावर, आणि खोलीत तो हिरवा, कांद्यासारखा वास. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. हेडबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "लॉर्ना, तुझी ती लिथुआनियन पोरगी कुठाय गं?" तुझी म्हणाल्या त्या. मला बरं वाटलं, हे आत्ता कबूल करते. ती पोर माझी म्हणून ओळखतात, माझ्या बिल्ल्याचा उपयोग होतो म्हणून बरं वाटलं. "मिसेस ऑल्डरटन, पण नियम…" इतकंच मी म्हणाले, तेही पुटपुटत. "अगं, दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय तिचाच तर भाऊ ना? घरातलंच माणूस." आणि मी गेले. कुणी ढकललं नाही मला. उग्ने चित्रकलेच्या तासाला होती, मोठ्या ब्रशनं समुद्र रंगवत होती. मी म्हटलं, "चल गं बाळा, एक महत्त्वाचं काम आहे, तुझ्याशिवाय होणार नाही." तिचा चेहरा उजळला. हात धुवायलाही थांबली नाही. कोपरापर्यंत निळी होऊन माझ्यामागून पळत आली, बिल्ला सरळ करत.

हेडबाई चांगलं बोलल्या, तसं मी म्हणेन. सावकाश, शब्द निवडून. योकुबास गोड मुलगा आहे. पण त्याची वाढ इतर मुलांसारखी होत नाहीये. तो आपल्या भाषेतही बोलत नाही, हे आम्हाला कळलंय. तज्ज्ञांना दाखवायला हवं, आणि बहुधा त्याला वेगळ्या शाळेत जावं लागेल. यात तुमची काही चूक नाही. बोलता बोलता त्या आईकडे बघत होत्या, आणि ऐकत होती उग्ने. नऊ वर्षांचं पोर उभं राहून ऐकत होतं, की आपला भाऊ इतरांसारखा नाही. मी तिच्या मागे होते. तिची वेणी दिसत होती मला, आणि एका बुटानं दुसरा बूट घासणारे पाय. "सांग हं बाळा," हेडबाई म्हणाल्या, घड्याळाकडे बघून. मग तिनं सांगितलं. सगळं मिळून पाच-सहा शब्द. आणि त्यातले दोन मला येत होते. दर शुक्रवारी मीच फळ्यावर लिहून घ्यायचे ना, या आठवड्याची भाषा म्हणून: लाबास म्हणजे नमस्कार, आचू म्हणजे आभार, गेराइ म्हणजे छान, आणि लाबाइ गेराइ म्हणजे खूप छान. उग्नेनंच शिकवलं होतं. लाबाइ गेराइ, म्हणाली ती आईला. दोनदा.

आणि दाइवा हसली. सगळा थकवा उतरला चेहऱ्यावरचा. तिनं हेडबाईंचा हात दोन्ही हातांत धरला, आचू आचू म्हणाली, आणि तज्ज्ञांकडे पाठवायच्या संमतीपत्रावर दाखवलं तिथे सही केली. एक वाक्य होतं फक्त: थांबा, तिला कळलेलं नाही. लहान मुलालाही बोलता आलं असतं. पण ते बोललं की पुन्हा सगळं सांगायचं, त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर, पोरीला खोटं पाडून, तीन वाजलेले असताना. मी गप्प बसले. मनाला समजावलं, की दोन शब्दांवरून मला काय कळणार, मी काय लिथुआनियन आहे? खोटं. मला पक्कं कळलं होतं. उलट शरम वाटायच्या आधी क्षणभर हायसं वाटलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उग्नेला 'आठवड्याचा तारा' मिळाला. प्रमाणपत्र मीच लिहिलं: घरच्यांना मोलाची मदत केल्याबद्दल. टाळ्या झाल्या. तिनं ते घेतलं आणि जागेवर जाऊन चार घड्या घालून मोज्यात खोचलं. पुढच्या आठवड्यात निरीक्षकांनी माझ्या फलकाचा फोटो काढला. मी फुगले होते नुसती. संध्याकाळी आईकडे गेले आणि कौतुकानं सांगितलं, एक पोर कशी आईची दुभाषी झाली ते. माझ्या आईचं नाव फिलोमेना. तीही लहानपणी आजीची, आमच्या नोनाची, दुभाषी होती, आणि आमच्या घरी नाताळच्या जेवणात दर वर्षी त्याचीच गंमत सांगायची पद्धत: डॉक्टरांनी पोट साफ होतं का विचारलं आणि पोरीनं आजीला सांगितलं, डॉक्टर विचारतात घर झाडून झालं का. मामा लोक टेबल बडवून हसायचे. म्हणून मला वाटलं, आई खूश होईल. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली तिनं. "ती गंमत तुझ्या मामानं रचलेली आहे," म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले, पोटातलं बाळ गेलंय, आईला सांग. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात आराम कर. तुझी नोना चार दिवस आराम करत होती, लॉर्ना. बाळासाठी मोजे विणत. पाचव्या दिवशी तिला कळलं. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं." मग सुरी उचलली आणि पुढचा बटाटा घेतला. म्हणजे अशानं पोरीचं काय होतं, ते त्या संध्याकाळपासून तर मला अगदी घरच्या तोंडून माहीत होतं. तरीही सोमवारी मी काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. आई गेली त्याला पाच वर्षं झाली, आणि अजून मी त्या खोल्यांतून बिस्किटं वाटत उग्नेची गोष्ट सांगत फिरते.

उन्हाळ्याच्या सत्रात पत्र गेलं: सप्टेंबरपासून वेगळी शाळा, न्यायला टॅक्सी येईल. ते पत्र शेजारणीनं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दाइवा शेजारणीला घेऊन कचेरीत उभी. हेडबाईंनी शांतपणे कागद काढला. "आम्ही सगळं समजावलं होतं. तुमच्या मुलीनं सांगितलं तुम्हाला. ही बघा सही." शेजारणीनं ते सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे उग्नेकडे वळले. तिला मधल्या सुट्टीतून बोलावलं होतं. दाइवा ओरडली. काय ते कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. उग्ने रडली नाही. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "मिस, मला तो शब्द येत नव्हता." मला माहीत होतं की तिला सगळे शब्द येत होते. ती माझ्याकडे मदत मागत होती, की मिस, तुम्ही तिथे होतात, तुम्ही तरी सांगा. "असू दे," म्हणाले मी. असू दे! तिनं बिल्ला काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला, पेन्सिलींच्या डब्याशेजारी.

"आता मी इंग्रजी शिकते," दाइवा म्हणत होती. बस लिंकन रोडला वळली होती. "मंगळवार, गुरुवार. चर्चच्या हॉलमध्ये. अजून खराब आहे."

"छान बोलता की तुम्ही," मी म्हणाले. शाळेतली सवय.

"योकुबास छान आहे. शाळा चांगली आहे, खूप चांगली. पोहतो. चाळीस शब्द बोलतो." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. फाइल आता पट्टीला अगदी जुळली होती आणि तो तिच्यावर तळवा ठेवून बसला होता. "तुम्ही चांगल्या होतात, मिसेस पॅजेट. मी नेहमी सांगते. तुम्ही रोज दारात उभ्या, लाबास म्हणायचात. दुसरं कोणी नाही म्हणत."

माझा स्टॉप आला. मी उठले नाही. "आणि उग्ने?" विचारलं. विचारल्यावाचून सुटका नव्हती.

दाइवानं खांदे उचलले. "सोळा वर्षं. शाळेनंतर बेकरीत काम. हुशार. पण माझ्याशी…" शब्द शोधला तिनं. "माझ्याशी आमच्या भाषेत बोलत नाही. त्या दिवसापासून. मी विचारते आमच्या भाषेत, ती इंग्रजीत उत्तर देते. जेवलीस का, यस. कुठे चाललीस, आउट. फक्त कागद आला, डॉक्टरचा फोन आला, तेव्हा बोलते. तेव्हा सगळं सांगते, एक शब्द सोडत नाही. वाईट असलं तर दोनदा सांगते." ती काचेकडे बघत होती. "ती खोटं बोलली ना तेव्हा. तुम्हाला काय माहीत. तुम्हाला भाषा येत नव्हती."

हेच ते. इथे मला सोडून दिलं होतं तिनं. मान हलवायची, 'मुलं असतात अशी' म्हणायचं, फाइल मागून घ्यायची आणि पुढच्या स्टॉपला उतरायचं. माफीपत्र तयार होतं, सहीसुद्धा नको. पण सकाळी त्या निळ्या केसांच्या पोरीला 'छान चाललंय' म्हणालेलं तोंड अजून कडू होतं. म्हटलं, मेलीस तरी हे तुझ्याबरोबर येणार, लॉर्ना. बोल आता.

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"त्या खोलीत. ती म्हणाली लाबाइ गेराइ. ते शब्द मला येत होते, तिनंच शिकवले होते. हेडबाई वाईट सांगत होत्या आणि ती छान म्हणत होती, हे मला त्याच वेळी कळलं. मी बोलले नाही. तिला वर्गातून उठवून आणलं तेही मीच. आणायचं नाही असा नियम होता. तो माझ्याच हातानं लिहिलेला होता." आवाज फुटला माझा. पलीकडच्या सीटवरचा म्हातारा वळून बघायला लागला. बघू दे. "तुम्ही कचेरीत तिला ओरडलात तेव्हाही मी उभी होते. माझी चूक होती, दाइवा. तिची नव्हती."

मला वाटलं दाइवा आता थोबाडीत मारील. मारली असती तर मी गाल पुढे केला असता. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. नखांच्या कडा हिरव्या, सात वर्षांनंतरही.

"उग्ने खोटं बोलते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा एक पाय दुसऱ्या पायावर घासते. लहान असल्यापासून."

मला ते पाय आठवले, एका बुटानं दुसरा बूट घासणारे.

"मी आई आहे. मला माहीत नाही, माझा मुलगा बोलत नाही? मला माहीत नाही, शाळा मला कामावरून का बोलावते? ती म्हणाली खूप छान आणि पाय घासला. मी पण तेव्हा कळले." तिचं इंग्रजी विस्कटलं होतं, पण एकेक शब्द स्पष्ट होता. "मला ऐकायचं नव्हतं. म्हणून हसले. सही केली. मग पत्र आलं, शेजारीण वाचते, सगळी बिल्डिंग ऐकते. मला लाज वाटली. म्हणून तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर."

दोन प्रौढ बायका आम्ही, आणि दोघींनी मिळून एक ओझं नऊ वर्षांच्या पोरीच्या पाठीवर ठेवलं होतं आणि निघून गेलो होतो. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला काही माहीत नाही. मला माझी आई आठवली, सुरी खाली ठेवलेली. लावला असता तर बरं झालं असतं, म्हणाली होती. पण तिला खरं हवं होतं ते वेगळंच असणार. कुणीतरी येऊन म्हणायला हवं होतं, की पोरी, तुला तिथे उभं करायलाच नको होतं. बासष्ट वर्षं ती थांबली, कुणी आलं नाही. मुलगी होते मी तिची, मीही नाही म्हणाले. त्या संध्याकाळी मी बटाटे धुऊन दिले फक्त.

"तिला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"नाही."

दाइवानं पिशवीतून फोन काढला. काय करते ते मला कळेपर्यंत तिनं नंबर लावलाही होता. पलीकडून आवाज आला तसं ती आपल्या भाषेत एक वाक्य बोलली, त्यात मला फक्त एक 'मिसेस' ओळखता आलं, पुढे माझं नाव नव्हतं, आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही आधी," म्हणाली. "मग मी." मी फोन कानाला लावला. मागे ट्रे आपटल्याचे, माणसांचे आवाज. आणि मी काही म्हणायच्या आत एक मोठ्या बाईसारखा, सरावलेला, सभ्य आवाज सुरू झाला. शंभर वेळा हेच बोललेल्या माणसाचा.

"हॅलो, मी त्यांची मुलगी बोलतेय. आईला इंग्रजी थोडं कमी कळतं. तुम्हाला तिला जे सांगायचंय ते मला सांगा, वाईट असेल तरी चालेल. मी तिला सगळं नीट सांगते."

"उग्ने," मी म्हणाले, "मी मिसेस पॅजेट. आईला काही सांगायचं नाहीये गं बाळा. तुला सांगायचंय."